पडवीतील रबरवड : ओळख, मूळस्थान आणि संगोपन

बिदर जिल्ह्यात भालकीला माझ्या आत्याचे जुने माळवदाचे घर आहे. ढाळज ओलांडून आत गेले की उजव्या हाताच्या पडवीत, शहाबादी फरशीवर ठेवलेल्या अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये, एक मोठे झाड उभे दिसते. त्याचा शेंडा तुळईला टेकला आहे आणि पाने हाताच्या पंजाहून लांब आहेत. घरातली माणसे त्याला ‘शोभेचं झाड’ म्हणतात. शेजारच्या कन्नडभाषक काकू त्याला ‘गिडा’ म्हणतात. कन्नडमध्ये लहान झाडाला ‘गिडा’ आणि वृक्षाला ‘मर’ असा शब्द आहे. “नाव विचारलं की गप बसावं लागतं,” आत्या म्हणाली, “पाणी मात्र इतकी वर्षं मीच घालतेय.” बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत, आणि सीमेपलीकडे उदगीर, निलंगा, अक्कलकोटकडेही, असे अनोळखी मोठे झाड सांभाळणारी घरे बरीच आहेत. त्यांच्यासाठी ओळख पटवण्याची रीत आणि त्या ओळखीवरून ठरणारे संगोपन येथे क्रमाने मांडत आहे.

ही झाडे अनोळखी राहतात यात घरच्या माणसांचा दोष नाही. या भागात येणारी शोभेची रोपे बहुधा हैदराबादच्या किंवा आंध्रातील कडियमच्या रोपवाटिकांतून येतात. पिशवीवरची चिठ्ठी, असलीच तर, पहिल्या पावसात जाते. शिवाय वनस्पतिशास्त्र वर्गीकरणासाठी मुख्यतः फुलाफळांकडे पाहते, आणि घरात वाढलेल्या झाडाला फूल-फळ क्वचितच येते. कोवळ्या वयाची आणि कमी उजेडातली पाने रानातल्या प्रौढ पानांहून वेगळी दिसतात, त्यामुळे पुस्तकातले चित्रही जुळत नाही. मोबाइलवरील ओळख-ॲपला दुरून टिपलेले पूर्ण झाड दाखवले तर ते तीन वेळा तीन नावे सांगते. म्हणून छायाचित्र काढायचे ते पेराचे, पानाच्या पाठीचे आणि शेंड्यावरच्या कळीचे. झाडाची ओळख तिथे असते.

प्रथम पानाच्या घडणीवरून मोठे गट वेगळे काढावेत. एका देठाच्या टोकाला छत्रीच्या काड्यांसारख्या सात ते पंधरा पर्णिका पसरलेल्या असतील, तर ते शेफ्लेरा, म्हणजे छत्रीवृक्ष. मोठ्या पानांची जात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडकडची, लहान पानांची तैवान व हैनान बेटांकडची. लांब तलवारीसारखी पाने, शिरा समांतर आणि खोड उघडे असेल, तर ते ड्रॅसिना. त्यातली मक्याच्या पानाची आठवण करून देणारी जात उष्णकटिबंधीय आफ्रिकेतली आहे. पिसासारखी विभागलेली पाने आणि पिवळसर देठांचे झुबके म्हणजे अरेका पाम, मूळचा मादागास्करचा. मजल्यामजल्याने आडव्या फांद्या आणि सुईसारखी मऊ पाने असलेले, बाजारात ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारे झाड म्हणजे पॅसिफिकमधील नॉरफोक बेटावरचे अराउकेरिया. हे चार गट लांबूनही ओळखता येतात. अडचण येते ती साध्या, अखंड, चकचकीत पानांच्या झाडापाशी, आणि आत्याच्या पडवीतले झाड नेमके त्याच प्रकारचे होते.

अशा झाडाच्या एका जुन्या पानाचा देठ हळूच मोडावा. दुधासारखा पांढरा चीक आला तर निम्मे काम झाले. त्यानंतर खोडाकडे पाहावे. जिथे जिथे पान होते तिथे खोडाभोवती बांगडीसारखी पूर्ण फिरलेली बारीक रेघ दिसते का? कोवळ्या कळीला झाकणारी दोन उपपर्णे गळून पडली की त्यांचा वण असा गोल राहतो. चीक आणि हा वलयाकार वण या दोन खुणा एकत्र आढळल्या, तर झाड वटकुलातले, आणि कुंडीतले असेल तर जवळजवळ नक्कीच फायकस प्रजातीतले. एकट्या खुणेवर विसंबू नये. सोनचाफ्याच्या फांदीवरही असा वण असतो, पण त्याला चीक नाही. खुरचाफ्याला चीक भरपूर आहे, पण हा वण नाही. फणसाला दोन्ही असतात, कारण फणसही वटकुलातलाच. मात्र तो कुंडीत लावून पडवीत कोणी ठेवत नाही.

फायकस प्रजातीत जगभर आठशेच्या घरात जाती आहेत. वड, पिंपळ, उंबर, पायर, नांद्रुक हे आपले रोजचे वृक्ष त्यातलेच. कन्नडमध्ये यांतल्या वडाला ‘आलद मर’, पिंपळाला ‘अरळी मर’ आणि उंबराला ‘अत्ती मर’ म्हणतात. घरात मात्र मोजक्या जाती सापडतात. लहान, टोकदार, खाली झुकलेली पाने असतील तर ती फायकस बेंजामिना. बँकॉक शहराने हाच वृक्ष आपला अधिकृत वृक्ष मानला आहे. तंतुवाद्याच्या पेटीसारखे मध्ये आवळलेले मोठे पान असेल तर फायकस लायराटा, पश्चिम आफ्रिकेचे. पानाचा तळ वळून द्रोणासारखा झाला असेल तर तो कृष्णवड, आपल्या वडाचाच एक प्रकार. आणि पान जाड, चामड्यासारखे, वीतभर किंवा त्याहून लांब, मधल्या शिरेपासून असंख्य बारीक शिरा जवळजवळ काटकोनात निघून कडेपर्यंत समांतर गेलेल्या, शेंड्याला लालसर टोकदार आवरणात गुंडाळलेले कोवळे पान, अशी सारी लक्षणे जुळली तर ते फायकस इलास्टिका. मराठीत त्याला रबराचे झाड किंवा रबरवड म्हणतात. उंडीच्या पानातही अशाच दाट समांतर शिरा असतात. पण उंडीची पाने समोरासमोर येतात, रबरवडाची एकाआड एक.

आत्याच्या झाडाचा शेंडा आम्ही स्टुलावर चढून पाहिला. लाल आवरण बोटभर लांब होते आणि त्यात नवे पान सुरळी करून बसले होते. खाली खोडावर दोन-तीन ठिकाणी तपकिरी दोऱ्यासारखी हवाई मुळे सुटली होती. पावसाळ्यात दमट हवा मिळाली की रबरवड ती सोडतो, आणि वडाशी असलेले त्याचे नाते तिथे उघड दिसते.

या वृक्षाचे मूळस्थान परदेशात नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. ईशान्य भारत, नेपाळ, भूतान, म्यानमार, दक्षिण चीन आणि तेथून मलाया-इंडोनेशियापर्यंत त्याचा नैसर्गिक विस्तार आहे. विलायती समजून आपण घरात आणतो ते झाड आसाम-मेघालयाच्या रानातले आहे. त्याची शास्त्रीय ओळख पटली ती एका मधाच्या टोपलीमुळे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यांना १८१० च्या अखेरीस सिल्हेटहून एक भांडे भेट आले. जैंतिया डोंगरातला मध त्यात होता. भांडे म्हणजे चिरलेल्या वेताची चौकोनी टोपली. वेताच्या विणीतून मध गळायला हवा होता, पण गळत नव्हता. टोपली आतून कोणत्याशा झाडाच्या रसाने सारवली आहे, एवढीच माहिती सोबत होती. रॉक्सबर्गना मधापेक्षा त्या सारवणाचे कुतूहल अधिक. त्यांनी टोपली रिकामी करून धुतली, तेव्हा आत रबराचा पातळ, अखंड थर आढळला. त्या रसाच्या झाडाचा त्यांनी शोध घेतला आणि लवचीकपणावरून त्याला ‘इलास्टिका’ नाव दिले. ते नाव रीतसर छापून आले १८१९ मध्ये, कोपनहेगनच्या हॉर्नेमान यांच्या ग्रंथात. रॉक्सबर्ग त्याआधी चार वर्षे निवर्तले होते. म्हणूनच या झाडाच्या शास्त्रीय नावापुढे दोघांचीही नावे लिहितात. मात्र त्या चिकाचा उपयोग डोंगरातल्या लोकांना आधीपासून ठाऊक होता, आणि पहिला शोध त्यांचाच म्हणावा लागेल.

पुढे एकोणिसाव्या शतकात आसामात या झाडाच्या चिकापासून रबर काढले जाई आणि त्यासाठी लागवडही झाली. पण १८७६ मध्ये हेन्री विकॅमने ब्राझीलमधून हेविया या वेगळ्या, एरंडकुलातील वृक्षाचे सुमारे ७०,००० बी लंडनजवळच्या क्यू उद्यानात पोहोचवले, आणि त्यातून आशियात उभ्या राहिलेल्या मळ्यांनी रबरवडाला मागे टाकले. आज वाहनांच्या टायरमध्ये असते ते नैसर्गिक रबर हेवियाचे. घरातल्या झाडाला रबराचे झाड म्हटल्यामुळे या दोहोंत जो घोटाळा होतो, तो एवढ्याने दूर व्हावा.

मेघालयात मात्र या वृक्षाचा एक आगळा उपयोग आजही चालू आहे. खासी आणि जैंतिया लोक ओढ्याकाठी वाढलेल्या रबरवडाची हवाई मुळे सुपारीच्या पोकळ केलेल्या खोडांच्या आधाराने पलीकडच्या काठापर्यंत नेतात. तिथे ती रुजतात, जाड होतात, एकमेकांत गुंफली जातात. पूल चालण्याजोगा व्हायला पंधरा ते तीस वर्षे लागतात. त्यानंतर तो दरवर्षी अधिक बळकट होत जातो, कारण तो जिवंत असतो. खासी भाषेत त्याला ‘जिंगकिएंग ज्री’ म्हणतात. ‘ज्री’ म्हणजे रबरवड. नोंग्रियाट गावचा दुमजली पूल सर्वांत प्रसिद्ध आहे. २०२२ मध्ये हे पूल युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाले. पडवीतल्या खोडावरचे ते दोरे हीच पुलाची मुळे आहेत, हे सांगितल्यावर आत्याने ती तोडायची थांबवली.

पानाच्या आतही एक नवल आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिकात रबरवडाच्या पानाचा आडवा छेद हमखास दाखवतात. पानाची वरची त्वचा एका थराची नसून अनेक थरांची असते, आणि त्यातल्या काही मोठ्या पेशींत देठाला टांगलेल्या द्राक्षाच्या घोसासारखा खडा लोंबताना दिसतो. त्याला सिस्टोलिथ म्हणतात. मराठीत अश्मपिंड म्हणता येईल. तो बनलेला असतो कॅल्शियम कार्बोनेटचा. ज्या शहाबादी फरशीवर ड्रम ठेवला आहे ती फरशीही चुनखडीची, म्हणजे प्रामुख्याने त्याच द्रव्याची. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादच्या खाणींतली फरशी आणि डोक्यावरचे पान यांत एकच पदार्थ आहे.

आता संगोपनाकडे वळू. त्याचा पाया एका गोष्टीत आहे: रानात रबरवड बहुधा जमिनीत उगवतच नाही. पक्ष्यांनी टाकलेले बी दुसऱ्या वृक्षाच्या बेचक्यात, सालीवरच्या पालापाचोळ्यात रुजते आणि तिथून मुळे खाली येतात. या झाडाचे बालपण सावलीत जाते, म्हणून घरातला मंद उजेड त्याला सोसतो. सालीवरचे पाणी लवकर सुकते, म्हणून पान जाड आणि पाणी साठवणारे असते. चार दिवस पाणी चुकले तरी झाड मरत नाही. आणि त्याच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवा लागते. आपल्याकडे चूक होते ती इथे. कलबुर्गी, आळंद, हुमनाबाद, भालकी या पट्ट्यात शेतातली काळी माती हाताशी असते. तूर, हरभरा, ज्वारी तिच्यात उत्तम येते, मग कुंडीतही तीच भरली जाते. पण काळी माती भिजली की फुगून चिकट होते, तिच्यातली हवा निघून जाते. वाळली की आवळून भेगा पडतात आणि बारीक मुळे तुटतात. शेतात खोली असते, ड्रममध्ये नाही. आत्याच्या झाडाची खालची पाने दोन पावसाळे पिवळी पडून गळत होती. पाणी कमी पडते असे समजून ती आणखी पाणी घालत होती. ड्रमच्या तळाशी काठी खुपसून पाहिली तेव्हा ती काळ्या चिखलाने माखून वर आली आणि तिला आंबूस वास होता.

या रोगाचे औषध त्याच जिल्ह्यात मिळते. बिदरचे पठार जांभ्या खडकाचे आहे. हा खडक सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यातून झिरपते. बहामनी काळात तो खोदून बिदरला भूमिगत पाण्याचे बोगदे, म्हणजे कारेझ, तयार केले गेले. जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह भरपूर आणि चुना नाममात्र असतो. ही माती दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत एक भाग, नारळाचा भुसा एक भाग, आणि मूठभर विटांचे तुकडे असे मिश्रण करावे. माती चाळताना वाटाण्याएवढे खडे फेकू नयेत. निचरा त्यांच्यामुळेच होतो. ड्रमच्या बुडाला किमान पाच-सहा छिद्रे असावीत आणि ड्रम विटांवर ठेवून फरशीपासून दोन बोटे उचललेला असावा. इतके मोठे झाड पूर्ण उपटून नवीन कुंडीत नेणे जिकिरीचे असते. तसे न करता कडेने वीतभर रुंदीची जुनी माती खुरप्याने काढून नवी भरावी, पुढच्या वर्षी दुसरी बाजू घ्यावी. ज्येष्ठाअखेर, पहिले पाऊस पडल्यावर, हे काम करावे.

पाणी केव्हा घालायचे हे वारावर ठरवू नये. बोट दोन पेरे मातीत घालावे. कोरडे लागले तर तळातून निथळेल इतके पाणी द्यावे, ओले लागले तर थांबावे. खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे. शहाबाद, चित्तापूर, सेडमकडच्या चुनखडीच्या प्रदेशात बोअरचे पाणी फार जड, म्हणजे शास्त्रीय भाषेत दुष्फेन असते. वर्षानुवर्षे तेच घातले की कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो, मातीतले लोह झाडाला घेता येत नाही आणि नवी पाने फिकट होऊन शिराच तेवढ्या हिरव्या उरतात. पावसाळ्यात पन्हळीखाली पिंप ठेवून साठवलेले पाणी महिन्यातून दोनदा भरपूर दिले, तर साठलेले क्षार धुऊन निघतात.

उजेडासाठी पूर्वेची पडवी सर्वांत चांगली. माळवदाच्या घरात सवणे, म्हणजे छतातला झरोका, असते, त्याखालची जागाही चालते. मात्र चैत्र-वैशाखात भर दुपारचे ऊन थेट पानावर पडले तर तपकिरी चट्टे उठतात. कलबुर्गीला पारा ४२ अंशांपुढे जातो. मेघालयात चेरापुंजीच्या परिसरात वर्षाला अकरा हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; बिदरला आठशे-नऊशे. उन्हाळ्यात या झाडाला त्रास होतो तो उष्णतेपेक्षा कोरडेपणाचा. सकाळ-संध्याकाळ पानांवर पाणी शिंपडावे, पण कूलरच्या थेट झोतात झाड ठेवू नये. हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा अंशांकडे उतरते तेव्हा पाणी निम्म्यावर आणावे. आणि झाड विनाकारण हलवू नये. आत्याकडे लग्नकार्यासाठी ते पडवीतून मागच्या खोलीत नेले, तेव्हा पंधरा दिवसांत अकरा पाने गळली. जागा बदलली की फायकस पाने टाकतो. अशा वेळी पाणी वाढवू नये, खत देऊ नये, नवे पान फुटण्याची वाट पाहावी.

धूळ हा या भागातला मोठा प्रश्न आहे. आठवड्यातून एकदा ओल्या सुती फडक्याने, एक हात पानाखाली धरून, पान देठाकडून टोकाकडे पुसावे. चकाकीसाठी खोबरेल तेल किंवा दूध लावण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे, ती सोडावी. त्यावर धूळ आणखी चिकटते. पुसताना पानाची पाठ बघावी. पानाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, शिरेलगत तपकिरी टिकल्या म्हणजे खवले कीड, आणि उन्हाळ्यात पाठीवर बारीक जाळे व पान निस्तेज म्हणजे कोळी. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून आठ दिवसांच्या अंतराने तीनदा फवारले तर तिन्ही आटोक्यात येतात.

घरातील झाडे हवा शुद्ध करतात असे हल्ली सर्वत्र सांगितले जाते. त्याचे मूळ १९८९ च्या नासाच्या एका अभ्यासात आहे. तो बंद पेटीत केलेला प्रयोग होता. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार नेहमीच्या घरात खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील. झाडावर प्रेम करायला या दाव्याची गरज नाही. चीक मात्र खरोखर जपण्यासारखा आहे: तो त्वचेला आणि डोळ्यांना दाहक असून काहींना त्याची ॲलर्जी असते, म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि पाने लहान मुलांच्या व शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत. घर अपुरे पडले म्हणून झाड अंगणात भिंतीलगत किंवा हौदाजवळ लावणेही घातक. जी मुळे ओढ्यावर पूल बांधतात ती पाया उकलतात.

झाड तुळईला टेकले की छाटणी आणि नवे रोप ही दोन्ही कामे गुटी कलमाने एकदम साधतात. आपल्याकडे रबरवडाचे बी तयार होत नाही, कारण त्याच्या फळात शिरून परागण करणारी विशिष्ट जातीची इवली गांधीलमाशी मूळ प्रदेशात राहिली. त्यामुळे कलम हाच मार्ग. शेंड्यापासून दीड-दोन फुटांवर बोटाएवढ्या जाडीच्या फांदीवरून इंचभर साल गोलाकार काढावी, चीक ओल्या फडक्याने टिपावा, भिजवून पिळलेला नारळाचा भुसा मुठीएवढा बांधून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळावा आणि दोन्ही टोके सुतळीने आवळावीत. महिना-दोन महिन्यांत कागदाआड पांढरी मुळे दिसू लागतात. मग खालून कापून लावावे. ओळखीविषयी शंका उरली तर बिदरचे उद्यानविद्या महाविद्यालय किंवा कलबुर्गीच्या गुलबर्गा विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग ही विचारण्याची ठिकाणे आहेत. सोबत पाने असलेली फांदी आणि शेंड्याची कळी न्यावी.

आत्याच्या झाडाला आषाढात बांधलेली गुटी भाद्रपदात उतरवली. ड्रममधली काळी माती एका बाजूने निघाली आहे, दुसरी पुढच्या ज्येष्ठात निघेल. नवे रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात लावून उदगीरला चुलत बहिणीकडे पाठवले. डब्यावर आत्याने रंगाने ‘रबरवड’ असे लिहिले आणि खाली काकूंकडून कन्नडमध्ये तेच नाव लिहून घेतले. पहिल्या पंधरवड्यात रोपाची दोन पाने गळली. तिसऱ्या आठवड्यात शेंड्यावर लाल आवरण दिसले. ते गळून पान उलगडेपर्यंत डबा जागचा हलवायचा नाही, असे तिने बहिणीला फोनवर बजावून ठेवले आहे.